खडपी बेटावरचं अंडं

ऑफिसची ट्रिप या वर्षी सहकुटुंब निघणार, असा कागद बोर्डावर लागला आणि दत्ताराम परबानं तो तीनदा वाचला.

अंधेरीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात तो आवक-जावक बघायचा. आलेली पाकिटं फोडायची, शिक्के मारायचे, जाणारी पाकिटं चिकटवायची. काम काही वाईट नव्हतं. पण प्रत्येक ऑफिसला एक गिऱ्हाईक लागतं, आणि इथलं कायमचं गिऱ्हाईक दत्ताराम होता. त्याच्या डब्यातली बांगड्याची तुकडी जाऊन तिथं खोडरबर निघायचं. साहेबांनी बोलावलंय म्हणून कुणीतरी सांगायचं, हा केस सारखे करून केबिनमध्ये उभा राहायचा, आणि साहेब मान वर करून विचारायचे, "काय आहे?" बाहेर आल्यावर सगळे हसत. दत्तारामही हसायचा. आपण हसलो की लवकर संपतं, एवढं त्याला कळलं होतं.

दहिसरच्या चाळीतल्या खोलीत मात्र दुसराच दत्ताराम राहत होता. सुगंधा ताट वाढताना विचारी, "आज काय झालं हापिसात?" आणि तो सांगे की साहेब मला विचारल्याशिवाय कागदावर सही करत नाहीत. सुगंधा ते नळावर सांगायची. चाळीतल्या दोन बायका आपल्या भावांना कुठे चिकटवता येतं का म्हणून विचारून गेल्या होत्या. जगात एवढं एकच माणूस त्याला मानत होतं, आणि तेवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

शुक्रवारी त्यानं कँटीनमध्ये बाळ रेग्याला गाठलं. रेगे पार्ल्याचा, उंच, गोरा, बोलायला झकास. सगळ्या चेष्टा त्याच्याच डोक्यातून निघत.

"रेगे, एक विनंती होती."

"बोल ना यार."

"रविवारी मिसेस येतेय. तेवढा एक दिवस माझं ते नको."

"ते म्हणजे कुठलं?"

"तुला माहितीये रे."

रेग्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दत्तू, तू आम्हाला समजतोस तरी काय? वहिनींसमोर? छे."

दत्तारामला इतकं हलकं वाटलं की त्यानं रेग्याला आणखी एक चहा पाजला.

रविवारी गोराईहून मचवा निघाला. खडपी बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला काळा कातळ. माथ्यावर थोडा निवडुंग, आणि बाकी सगळीकडे सुरय पक्षी. घरटी कसली, उघड्या दगडावरच अंडी. वनखात्यानं बेट त्यांच्यासाठी राखलं होतं. मोठ्यानं बोलू नये, दगड मारू नये, अंड्यांना हात लावू नये, अशी पाटी होती. मंडळींनी पाटी वाचली आणि टेपरेकॉर्डर लावला. गार्डानं तो बंद करायला लावला, तेव्हा भेंड्या सुरू झाल्या.

उतरायला धक्का नव्हता. लाटेचा अंदाज घेऊन खडकावर उडी मारायची. साहेबांनी अंदाज घेतला आणि कमरेपर्यंत पाण्यात गेले. कुणी हसलं नाही. त्यांच्या मागून दत्तारामचे फक्त घोटे भिजले, तर अख्खा मचवा हसला. वर चढताना पाय घसरायचे, कालवांच्या शिंपल्यांनी तळवे कापायचे, आणि डोक्यावर पाखरं कर्कश ओरडत घिरट्या घालायची. रेग्याच्या नव्या शर्टावर शीट पडली, तीही दत्तारामनंच आपल्या रुमालानं पुसली.

माथ्यावर बायकांनी सतरंजी पसरली. सुगंधा ठेवणीतली साडी नेसून आली होती. ती सतरंजीच्या कडेला, अर्धी दगडावर बसली. साहेबांच्या पत्नी पद्मजाबाईंनी विचारलं, "तुमचे मिस्टर कोणते?"

"परब. आवक-जावक सगळं तेच बघतात ना."

"अच्छा, ते," पद्मजाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या बाईशी बोलू लागल्या. त्यानंतर सुगंधाशी कुणीच बोललं नाही. दत्ताराम लांबून बघत होता. पण रेगे अजून काही बोलला नव्हता, म्हणून तो देवाचे आभारही मानत होता.

जेवणं झाली तसा गार्ड आला. "कुणी उठायचं नाही. एक अंडं गेलंय. पिशव्या दाखवा."

दत्ताराम चटकन पुढे झाला. सुगंधा बघत होती. "माझी आधी बघा," तो म्हणाला.

गार्डानं पिशवीतला टॉवेल उचलला. खाली अंडं होतं. पांढरं, त्यावर जांभळे ठिपके. रोज ज्या शिक्क्याच्या शाईनं त्याची बोटं माखायची, ती शाई त्याला ओळखू आली नाही.

"हे काय?"

"साहेब, हे माझं नाही."

"पिशवी कुणाची?"

"पिशवी माझी."

"मग केस होणार. नोकरी करता? गेली समजा."

दत्तारामनं साहेबांकडे बघितलं. साहेब विजार वाळवत समुद्राकडे बघत होते. मग दत्ताराम गार्डाच्या पायावरच वाकला. एवढं होईल असं गार्डाला कुणी सांगितलं नसावं. तो दचकून मागे सरला आणि रेग्याकडे बघायला लागला.

"गरीब माणूस आहे हो," रेगे म्हणाला. "काहीतरी शिक्षा करून सोडा."

"कान पकडा. उठाबशा काढा. मी पुरे म्हणेपर्यंत."

दत्तारामनं एकदा सुगंधाकडे बघितलं. ती पदर हातात धरून उभी होती. मग त्यानं कान पकडले. तो उठत होता, बसत होता, गुडघे कटकट वाजत होते. शेवटी कुणालातरी हसू आवरेना. रेग्यानं अंडं उचललं, दगडावर फोडलं, सोललं आणि मीठ लावून खाल्लं.

हसून हसून लोक सतरंजीवर आडवे झाले.

"मला माहीतच होतं," दत्तारामही हसत म्हणाला. त्याचे हात अजून कानांवरच होते.

"वहिनी, रागावलात?" रेग्यानं विचारलं.

सगळे सुगंधाकडे बघू लागले. सकाळपासून पहिल्यांदाच पद्मजाबाईही बघत होत्या. सुगंधानं पदर सोडला. ती हळूच म्हणाली, "त्यात रागवायचं काय. घरी पाल दिसली तर हे खाटेवर उभे राहतात नि मला हाक मारतात."

असा हशा झाला की पाखरं उडाली. "अहो, तिकडे काय बसलात, इकडे या," पद्मजाबाईंनी सरकून जागा केली. सुगंधा मधोमध जाऊन बसली. मग तिला सुचतच गेलं. हे झोपेत 'येस सर' म्हणून उठून बसतात. सासऱ्यांसमोर यांना शिंकसुद्धा येत नाही. "आणि मला सांगतात काय, साहेब यांना विचारल्याशिवाय सहीच करत नाहीत."

आता साहेबही हसले.

दत्ताराम पाण्याचे पेले भरून फिरवत होता. सुगंधाला इतकी खुललेली त्यानं लग्नापासून बघितली नव्हती. तिच्या हातात पेला देताना त्याला वाटलं, ही एकदा तरी आपल्याकडे बघेल. ती रेग्याशी बोलत होती.

मचव्याची वाट बघत सगळे खाली खडकावर उभे होते. टायपिस्ट क्षमा आणि दोघेतिघे बेटाच्या मागच्या कड्याकडे गेले होते, ते तेव्हा परतले. "आम्ही काय मिस केलं?" क्षमानं विचारलं.

"परब, वन्स मोअर," रेगे म्हणाला.

"आता नको रे. गुडघे भरून आलेत." दत्तारामनं सुगंधाकडे बघितलं. निदान आता तरी ही नको म्हणेल.

तिच्या हातात पद्मजाबाईंनी दिलेली करंजी होती. "काढा ना हो," ती म्हणाली, "एवढे म्हणतायत तर."

दत्तारामनं पिशवी खाली ठेवली. शेवाळावर पाय घट्ट रोवले आणि एकदा खाली बसून उठला.

"असं नाही," सुगंधा म्हणाली. "कान धरा आधी."