तुगिमानचे गुडघे

एक्कावन्न वर्षांत तुगिमानने कशाचीच तक्रार केली नव्हती. तक्रार केली ती त्याच्या गुडघ्यांनी, आणि तीही नेमकी न्दोरोंसमोर, म्हणजे मालकीणबाईंसमोर, हातात चहाचं तबक असताना. उजव्या गुडघ्यातून कट्ट असा आवाज निघाला आणि व्हरांडाभर ऐकू गेला. न्दोरो पेपर वाचत होत्या. त्यांनी डोळे वर न करता म्हटलं, "त्या दाराला कुणीतरी तेल घाला."

तुगिमानचा जीव भांड्यात पडला. त्याने पेला ठेवला, हात जोडले आणि आला तसाच मागे सरकत गेला.

आला तसाच म्हणजे उकिडवा. जावा बेटावरच्या सोलो शहराच्या जुन्या भागातलं हे घर, राजघराण्याशी दुरून नातं सांगणारं. तुगिमान पंधराव्या वर्षी तिथे कामाला लागला तेव्हा न्दोरोंचे वडील हयात होते आणि नियम साधा होता: मालकांसमोर जाणाऱ्याचं डोकं मालकांच्या डोक्यापेक्षा खाली हवं. मालक खुर्चीत बसलेले असले, तर जाणाऱ्याने व्हरांड्याच्या कडेलाच उकिडवं बसायचं आणि टाचांवर भार देऊन, पाठ ताठ ठेवून, एकेक पाऊल सरकत पुढे जायचं. नजर जमिनीवर. तबक हलता कामा नये.

वडील गेले. जुने नोकर एकेक करून गेले. नवा ड्रायव्हर कमरेत जरासा वाकतो आणि चालायला लागतो, स्वयंपाकीणबाई तर हात पुसत सरळ येऊन उभी राहते. उकिडवा चालणारा तुगिमान एकटा उरला. न्दोरोंचा पुतण्या जकार्ताहून आला की मोबाईलवर त्याचं चित्रण करायचा आणि आपल्या मुलांना सांगायचा, "बघा, असं चालणारे आता राहिले नाहीत." तुगिमान वरकरणी लाजायचा. आतून छाती इतकी फुगायची की जॅकेटची बटणं ताणली जायची. एक्कावन्न वर्षांत त्याच्या हातून चहाचा थेंब सांडला नव्हता, आणि माणसाला अभिमान बाळगायला एवढं पुष्कळ होतं.

पण गुडघे ऐकेनात. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं कुणा दुसऱ्याच्या पायांनी टाकल्यासारखी पडायची. जिना चढताना कठडा लागायचा. मशिदीत तो मागच्या रांगेत खांबाजवळची जागा धरायला लागला.

त्याची बायको पार्जिना ही उपायांची पोतडी. तिने आधी नेहमीचा इलाज केला: त्याला पालथं पाडून जुन्या नाण्याने पाठ खरवडली.

"अगं, दुखतोय गुडघा," तुगिमान उशीत तोंड खुपसून ओरडला, "आणि तू सोलतेस पाठ!"

"वारा पाठीतून शिरतो, पाकने." नवऱ्याला ती अशीच हाक मारायची. "गप पडा."

पाठीवर वाघासारखे पट्टे उठले, गुडघा होता तिथेच राहिला. मग बाम झाले, क्लातेनचा मालिशवाला झाला. शेवटी तिने त्याला दोन आठवडे अंथरुणातून हलू दिलं नाही. पंधराव्या दिवशी तो उठला तेव्हा गुडघे आधीपेक्षा वाईट, आणि मांड्या तर अगदी ढिल्या पडलेल्या.

त्या दोन आठवड्यांत चहा स्वयंपाकीणबाईने नेला. तुगिमानला झोप आली नाही ती दुखण्याने नव्हे. त्याला एका वाक्याची भीती होती. ते वाक्य त्या घरात फार मायेने, 'पाक' म्हणजे 'बाबा' अशी हाक मारून उच्चारलं जायचं: "आता घरी बसून आराम करा, पाक." ज्याला ते सांगितलं गेलं, तो मग फक्त लेबारान ईदेला, नवा शर्ट घालून, पाहुण्यासारखा येऊन जायचा. तुगिमानला पाहुणा व्हायचं नव्हतं. त्याला चहा न्यायचा होता.

म्हणून तो पार्जिनाच्या मागे मागे सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या खोलीत गेला. तिथली वेनिंग सत्तावीस वर्षांची, पायात पांढरे बूट, आणि बोलणं भाजी विकणाऱ्या बाईसारखं खणखणीत. तिने त्याची मांडी दाबून पाहिली, गुडघा वाकवला, सरळ केला.

"पाक, गुडघा म्हातारा झालाय, पण मेलेला नाही. आतली गादी थोडी झिजलीये, ती सगळ्यांचीच झिजते. खरी गंमत वर आहे. हा मांडीचा स्नायू बघा, गुडघ्याचा भार यानं उचलायचा. हा पडलाय झोपून. मग भार कुणावर?"

"गुडघ्यावर," पार्जिना म्हणाली.

"आणि दुखतं म्हणून तुम्ही पाय हलवत नाही. हलवत नाही म्हणून स्नायू आणखी झोपतो. तो झोपला की आणखी दुखतं. कुणी सांगितलं होतं झोपून राहायला?"

पार्जिना भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली.

वेनिंगने शेक दिला आणि गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबायला शिकवलं. पाच मोजेपर्यंत दाबायचा, सोडायचा. मग पाय सरळ ठेवून वितभर उचलायचा. तुगिमानने सगळं तंतोतंत केलं. दोन आठवड्यांनी वेनिंगने गुडघा पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. सूज तशीच होती.

"कामावर काय करता म्हणालात?"

"चहा नेतो."

"चहा नेऊन कुणाचे गुडघे जात नाहीत, पाक."

"चहाच नेतो, म्बाक." वयाने लहान असली तरी तो तिला ताईच म्हणायचा. "खोटं कशाला सांगू?"

"कसा नेता? दाखवा मला."

खरं तर त्याने काही लपवलं नव्हतं. उकिडवं चालणं हे काम आहे, असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. कुणी श्वास घेण्याला काम म्हणतं का? त्याने टेबलावरचा ट्रे उचलला, खाली बसला आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. मानेला पट्टा लावलेल्या बाई बघत राहिल्या. खांदा फिरवणारा रिक्षावाला हात वर ठेवूनच थांबला. ट्रेमधली बाटली हललीसुद्धा नाही.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वेनिंगने कपाळावर हात मारला.

"दिवसातून किती वेळा?"

"न्दोरोंना तहान लागेल तितक्या वेळा."

"आणि त्यांना तहान किती लागते?"

"सोलोचा उन्हाळा आहे, म्बाक."

वेनिंग आधी हसली आणि मग तिने कान उपटले. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर सगळ्या शरीराचा भार, तोही चालताना! तीन महिने हे बंद. मांडीत ताकद आली की मग बघू, थोडं थोडं, हळूहळू.

"बंद नाही करता येणार," तुगिमान म्हणाला.

"मग त्यांना सांगा, गुडघे दुखतात."

"ते मी एक्कावन्न वर्षांत सांगितलेलं नाही."

"मग चहा थर्मासमध्ये भरून एकदाच ठेवून या."

तुगिमानने तिच्याकडे असं पाहिलं की ती ओशाळली. न्दोरोंना थर्मासचा चहा! घासाघीस होऊन शेवटी ठरलं: सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उकिडवं जायचं. बाकीच्या वेळी न्दोरो व्हरांड्यात येण्याआधीच पेला झाकून ठेवून यायचं. आणि नवा व्यायाम. खुर्चीत बसायचं, हात छातीवर बांधायचे आणि हाताचा आधार न घेता उठायचं. सावकाश. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

"दुखलं तर?"

"थोडं दुखेल, चालेल. रात्रीत कमी झालं तर काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं तर दहाचे सहा करा. पण सोडायचं नाही."

सकाळचे आणि संध्याकाळचे दहा घरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होत. पार्जिना मोजायला बसायची आणि "सहा, सात, सात, सात" करत त्याच्याकडून बारा काढून घ्यायची. अडचण दुपारची. न्दोरोंच्या घरात खुर्च्या होत्या, चांगल्या वीस होत्या, सागवानी, कोरीव. पण त्यातल्या एकीवरही तुगिमानचं बूड कधी टेकलं नव्हतं. त्या पुसायच्या असतात, बसायच्या नसतात.

दोन दिवस त्याने दुपारची पाळी बुडवली. तिसऱ्या दिवशी न्दोरो जेवून आत झोपल्यावर तो व्हरांड्याच्या टोकाच्या, सगळ्यात शेवटच्या खुर्चीजवळ गेला. इकडेतिकडे पाहिलं. खुर्चीला हात जोडून हळूच म्हणाला, "माफी असावी." आणि बसला. विस्तवावर बसावं तसा लगेच उठला. एक झालं.

दीड महिना गेला. जिन्याचा कठडा सुटला. मशिदीतला खांब सुटला. तुगिमान दुपारच्या त्या दहांची वाटसुद्धा बघायला लागला, पण खुर्चीची माफी मागायला चुकला नाही.

इकडे न्दोरोंचं मात्र उलटं चाललं होतं. त्र्याऐंशी वर्षांच्या न्दोरो नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. पडल्या नाहीत, पण पडेन या धास्तीने चालणंच टाकलं. बागेतली फेरी बंद झाली, मग देवडीपर्यंत जाणं बंद झालं, आणि आता घरातल्या दोन बायकांनी काखेत हात घालून उचललं तरच त्या पलंगावरून वेताच्या खुर्चीत येत. कंबर धरलेली, गुडघे आखडलेले. पुतण्याने जकार्ताहून दोन फिजिओ पाठवले. न्दोरोंनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. "मला एक-दोन-तीन करायला लावतात! मी काय पहिलीतली पोर आहे?" मग पुतण्याने चाकांची खुर्ची पाठवली. ती कोपऱ्यात चादर पांघरून उभी होती आणि तिच्याकडे बघायचं नाही, असा घरात अलिखित हुकूम होता.

तुगिमानचं मात्र त्या चादरीकडे रोज लक्ष जायचं. त्याला ठाऊक होतं काय करायला हवं. झोपलेला स्नायू कसा जागा होतो, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पण नोकराने मालकिणीला पायांविषयी काही सांगायचं?

त्या दुपारी तो सातव्यांदा उठत होता.

"तुगिमान."

दाराच्या जाळीमागे, आतल्या वेताच्या खुर्चीत, न्दोरो बसलेल्या होत्या. त्या झोपल्याच नव्हत्या. तुगिमान जिथे होता तिथे खाली कोसळल्यासारखा बसला आणि कपाळ फरशीला लावलं. एक्कावन्न वर्षं एका खुर्चीपायी गेली, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"सहा आठवडे, न्दोरो. चूक झाली."

"मी चार आठवड्यांपासून बघते आहे. ते काय आहे?"

त्याने सांगितलं. मान वर न करता सगळं सांगितलं: गुडघे, नाणं, मांडीचा झोपलेला स्नायू, म्बाक वेनिंग, दहा वेळा. शेवटी म्हणाला, "मी चहा आणतोच आहे, न्दोरो. या सहा आठवड्यांत एक दिवस चुकवलेला नाही. मला घरी बसवू नका."



"तो आवाज दाराचा नव्हता, हे मला कळत नाही होय?" न्दोरो म्हणाल्या. "तुला उकिडवं चालायला सांगितलं कुणी?"

"मोठ्या मालकांनी."

"त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली! मी सांगितलं होतं का कधी?"

तुगिमानने आठवून पाहिलं. खरंच, कधीच नाही.

"मग न्दोरोंनी थांबवलं का नाही?" त्याने विचारलं.

"आणि तुला काय वाटलं असतं? तबक घेऊन यायचास तेव्हा तुझा चेहरा बघितलास कधी? मला वाटलं, नको म्हटलं तर माझा माणूस दुखावेल. आणि तिकडे तुझे गुडघे दुखत होते. गाढव आहोत आपण दोघं."

'आपण दोघं' हे शब्द तुगिमानच्या कानात शिरले आणि तिथेच राहिले.

"ती खुर्ची आत आण. इथे, माझ्यासमोर. इतकी लांब नको, पडले तर धरशील कसा? बस."

"न्दोरो..."

"बस म्हणते ना. तो जकार्ताहून आलेला फिजिओ पोरगा मला करून दाखवत होता. त्याचे गुडघे चांगले ठणठणीत! त्याला काय कळणार? तू दाखव."

तुगिमान बसला. आयुष्यात प्रथमच न्दोरोंच्या समोर, त्यांच्याच उंचीवर. घामाने हात ओले झाले होते, ते त्याने सारोंगला पुसले. मग वेनिंगने सांगितलं होतं तेच सांगितलं: पाय मागे घ्या, पुढे झुका, सावकाश, थोडं दुखेल, चालेल. पहिल्यांदा म्हणून त्याने आपले दोन्ही हात पुढे केले. ते हात न्दोरोंनी घट्ट धरले.

पहिल्या खेपेला त्या वितभर उठल्या आणि मागे बसल्या. दुसऱ्या खेपेलाही तसंच. तिसऱ्या खेपेला ओठ दाबून, त्याच्या हातांत नखं रुतवून, त्या उठल्या. त्यांच्याबरोबर तुगिमानही उठला, आणि दोघं समोरासमोर उभे राहिले.

तुगिमानने खाली पाहिलं. खाली! न्दोरोंचं डोकं जेमतेम त्याच्या छातीपर्यंत पोचत होतं. मधोमध भांग, विरळ पांढरे केस, त्यातून दिसणारी गुलाबी टाळू. एक्कावन्न वर्षं तो ज्यांच्याकडे खालून बघत आला, त्या इतक्या लहान होत्या, आणि हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी यायला लागलं. हात सोडून डोळे पुसता येईनात, कारण हात न्दोरोंनी धरलेले होते.

"रडतोस काय? मोज," न्दोरो म्हणाल्या. "हे तिसरं का चौथं?"

"पहिलं, न्दोरो," तुगिमान म्हणाला. "आधीची दोन धरायची नाहीत."