अर्ध्या किमतीचं गिऱ्हाईक

थोरल्या भावाला आणि मला एकमेकांशी काय बोलावं हे कधी फारसं सुचलं नाही. आमच्या तंजावरी मराठी घराण्यात पुरुष बोलतात ते लग्नकार्यात, आणि तेही वंशावळीबद्दल. अण्णा शहराच्या पार उत्तर टोकाला एन्नोरच्या वीजकेंद्रात नोकरीला, मी गिंडीतल्या एका कारखान्याच्या कचेरीत. माझं घरही तिथून जवळच. व्हिडिओ गेमचं वेड मात्र दोघांनाही. या वयात ते चारचौघांत सांगण्यासारखं नसल्यामुळे आम्ही ते एकमेकांतच ठेवलं.

रीत ठरलेली होती. नवा गेम मी पूर्ण किंमत देऊन घ्यायचा. माझा खेळून झाला की रविवारी सकाळी अण्णा लोकलने येई आणि डिस्क अर्ध्या किमतीला नेई. त्याचा झाला की तो ती तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतल्या जुन्या गेमच्या दुकानात विकून टाकी. त्यामुळे नव्या गेमची किंमत कितीही मस्तवाल असली, तरी मला ती निम्मीच वाटे.

मात्र ती निम्मी किंमतही अण्णा सुखासुखी देत नसे. डिस्क खिडकीशी धरून हिऱ्याच्या व्यापाऱ्यासारखी तिरकी करून बघे.

"ओरखडा आहे डा," तो म्हणे, तमिळातल्या 'रे'सकट.

"तो तुझ्या चष्म्यावर आहे, अण्णा."

"त्या दुकानात हीच याहून स्वस्त मिळते."

"मग तिथेच जायचंस. इतक्या लांब कशाला आलास?"

आतून बायको ओरडे, "भाऊजी, उपम्याचे पैसे वेगळे लावणार हं आज!"

अशी सकाळ सरे. एरवी महिनाभरात आम्ही बोललो नसतो तेवढं त्यात बोलून होई.

एकदा आम्ही दोघे एका गेम कंपनीच्या समारंभाला गेलो होतो. समई, शाली, चंदनाचे हार, स्वागत करणाऱ्यांचंही स्वागत. मग मुख्य वक्त्यांनी सांगितलं की जुन्या डिस्कची विक्री ही या धंद्याला लागलेली वाळवी आहे. तिच्यामुळेच नवे गेम महाग होतात. डिस्क गेल्या की किमती उतरतील. टाळ्या झाल्या.

"मी वाळवी," अण्णा कुजबुजला. "मग तू कोण?"

"लाकूड."

अर्धी किंमत परत मिळणार नसती तर मी नवा गेम निघाल्याबरोबर घेतला असता का, हे मात्र वक्त्यांना कोणी विचारलं नाही.

अण्णाच्या साठीला त्याच्या लेकीने त्याला नवा कन्सोल दिला. त्याने तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.

"सीडी कुठून घालायची गं?"

"अप्पा, सीडी लागतच नाही याला. सगळं डाउनलोड!"

"छान, छान," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. जुना कन्सोल तिने आधीच कुणाला तरी देऊन टाकला होता.

किमती काही उतरल्या नाहीत. पूर्वी जुन्या प्रती बाजारात आल्या की नव्याही नरम पडत. आता कंपनीच्या मनात येईल तेव्हा सेल लागतो, तोवर किंमत ताठ. अण्णासारखं गिऱ्हाईक गेल्यावर पूर्ण किंमत मला खरोखरच पूर्ण वाटू लागली, आणि मी नवे गेम घेणं सोडलं. तिरुवल्लिकेणीचा तो दुकानदार हल्ली मोबाइलची कव्हरं विकतो.

मध्यंतरी एका रविवारी अण्णा आला. मी शेवटचा घेतलेला गेम त्याच्यापुढे ठेवला.

"घेऊन जा. फुकट."

"वेंडा, नको. नेऊन घालू कुठे?"

तरी त्याने डिस्क बाहेर काढून बघितली, आणि खिडकीशी न नेताच परत डबीत ठेवली. बायको येऊन उन्हाबद्दल बोलली. आम्ही दोघांनीही ऊन फार आहे म्हटलं. थोड्या वेळाने तो उठला.

"पुढच्या रविवारी ये," मी दाराशी म्हणालो.

"कशाला डा?"

रागाने नाही विचारलं त्याने. त्याला खरंच कारण हवं होतं. चपलांचे पट्टे लावताना तो जरा रेंगाळलाही. ऊन फार आहे, सावलीने जा, एवढंच मी म्हणालो, आणि तो स्टेशनच्या दिशेने चालू लागला.