उलटी चढलेली मोटार

"आधी पोचू, मग लाजू," असं म्हणत मडमबाई मोटारीतून खाली उतरायच्या आणि स्वतः ढकलायला लागायच्या. सोलापुरात, भर बाजारात गोरी बाई मोटार ढकलते आहे आणि तिचा डायवर आत स्टेअरिंग धरून बसला आहे, हे तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. लोक हसायचेच. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांचे साहेब इथल्या एका गिरणीत सूतखात्यावर होते. मोटार त्यांनी जुनीच घेतलेली. चढावर तापायची, सपाटीला रुसायची. पेट्रोलची नळी गळायची, त्यावर बाईंचा इलाज म्हणजे अंगाचा साबण. बोटांनी मऊ करून नळीवर थापायच्या आणि म्हणायच्या, "डायवर, हिची आंगूळ झाली, आता चालंल."

मराठी त्या माळ्याकडून आणि माझ्याकडून शिकल्या, त्यामुळं बोलणं थेट आमच्या गल्लीतलं. एकदा गिरणीतल्या शिकल्यासवरल्या हेडक्लार्कला त्या म्हणाल्या, "बसा की वाईच, लई ऊन हाय." तो बिचारा हातातला चहा प्यायचा विसरला.

मी दुसरीतून शाळा सोडलेला. पण मोटारीतलं बाईमाणसानं मला शिकवावं, हे काही रुचत नव्हतं. तोंडावर "व्हय बाई" म्हणायचो आणि माझंच खरं करायचो.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, मोहोळच्या वाटेवर एका खेड्यात. एके सकाळी मेहुणा सायकल हाणत बंगल्यावर आला. आदल्या दिवसापासून कळा चालू होत्या, मूल आडवं होतं, सुइणीनं हात टेकले होते. मी बैलगाडी बघायला निघालो, तर बाई आडव्या आल्या.

"बैलगाडी कवा पोचंल? मोटार काढा."

"ही पोचंल व्हय?"

"पोचवू की!"

जाताना पोचलो. बायकोला मागच्या सीटवर निजवलं, सासूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सोलापूरच्या दवाखान्याकडं फिरलो. गावाबाहेर ओढा होता. ओढ्यातून वर यायचा चढ अगदी उभा. निम्म्या चढावर मोटार बंद पडली.

त्या मोटारीची टाकी सीटखाली होती आणि पेट्रोल आपलं आपण उतरून इंजिनाकडं जायचं. नळी गळून टाकीत थोडंच उरलेलं. मोटारीचं तोंड वर झालं की इंजिन उपाशी. बाईंना हे ठाऊक होतं. म्हणाल्या, "फिरवा हिला. उलटी चढवू, टाकी वर ऱ्हाईल."

मी नाही म्हटलं. वर बांधावर अर्धा गाव उभा होता, माझी सासुरवाडी! तिथून मी पाठ करून मोटार नेऊ? मी पुढं उभा राहून इंजिन चालू करायचं हँडल मारत राहिलो. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा हँडल उलटं फिरलं आणि माझं मनगट सुजलं. आत बायको ओरडत होती, ती आता कण्हायला लागली होती. तेवढा वेळ मी घालवला, तो अजून मला टोचतो.

बाईंनी वाटेतला एक धोंडा उचलला. तो माझ्या हातात दिला आणि स्वतः स्टेअरिंगवर बसल्या.

सासू कडाडली, "अवो बाई, प्वार आदीच आडवं हाय, आन तुमी उलटं न्हेताय?"

"मावशी, तिकडून न्हाय फिरलं, तर हिकडून फिरंल की!"

मोटार खाली घेतली, सपाटीला ती चालू झाली तशी वळवली आणि मान मागं वळवून बाईंनी ती इंचाइंचानं चढवली. मी धोंडा घेऊन शेजारून चालत होतो, घसरली की चाकाखाली सारायला. बांधावरून एकजण ओरडला, "जावयबापू, डायवर हाय का पाथरवट?" गाव हसलं. मी मान खाली घातली आणि धोंडा घट्ट धरला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी घटकाभर उशीर झाला असता तर दोघांतलं एकही हाती लागलं नसतं. मुलगी झाली. त्या दिवसापासून बाई सांगतील तसं मी ऐकत गेलो, आणि हे मी दुसऱ्या कुणाबद्दल म्हणणार नाही.

पुढं दीड वर्षानं साहेबांचं काम संपलं. ती दोघं आपल्या मुलखाला निघाली. स्टेशनवर मी बायकोला म्हटलं, साहेबलोकांत पुढं पुढं करू नको. तिनं माझं ऐकलं नाही. पोर माझ्या कडेवर दिली आणि थेट डब्याच्या खिडकीशी गेली.

"बाईसाब, वटी भरायची हाय."

बाईंना कुठला पदर? त्यांनी झग्याकडं पाहिलं, गोंधळल्या, मग डोक्यावरची टोपी काढून उलटी केली आणि पुढं धरली. बायकोनं त्यात खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. कपाळाला कुंकू लावलं. मी दोन शब्द बोलायचे ठरवून आलो होतो. ते राहिले, मी पोरीला खिडकीपाशी उचलून धरलं.

गाडी हलली. सगळ्या खिडक्यांतून हात हालत होते. आमच्या बाई तेवढ्या, ती टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसल्या होत्या. तांदूळ सांडतील म्हणून त्यांना हात हलवता येईना.