दाभणाचं टोक

पलटणीतून यांचं नाव कमी झालं ते कानांमुळे. सत्तावन्नच्या गडबडीच्या साली हे तोफेशेजारी उभे राहून बिगुल वाजवत होते. तेव्हा उजवा कान गेला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत डावाही त्याच वाटेला लागला. अकोल्याला पलटणीची तुकडी होती. तिथे सगळ्या बाजेवाल्यांसमोर यांना पाठमोरं उभं केलं, मागून एकाने बिगुल वाजवला आणि कोणती इशारत ते सांग म्हणाले. काही वाजलं आहे हेच यांना कळलं नाही. लोक हसले, तेही दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. मी त्याच पलटणीतल्या हवालदाराची मुलगी. लग्नात यांचा एक कान शाबूत होता, तेव्हा फसवणूक झाली असं काही मला म्हणता येत नाही.

आम्ही अमरावतीला आलो. अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेला वऱ्हाडचा कापूस पुरेनासा झाला होता. लोकांनी गाद्या उसवून जुना कापूस बाजारात नेला आणि ती थंडी गोधड्यांवर काढली. एका साहेबाने गठाणी दाबायची प्रेस आणि तिचं वाफेचं इंजिन बैलगाड्यांवर घालून आणलं. इंजिनाबरोबर एक गोरा मिस्त्री होता. त्याचं बोलणं समजणारा माणूस हवा होता. यांना पलटणीतले इंग्रजी हुकूम येत होते, आणि ओठांवरून शब्द ओळखायची सवय झाली होती. दोन हंगाम यांनी त्याच्या हाताखाली काढले. तिसऱ्या हंगामाच्या तोंडाशी तो तापाने गेला. साहेबाने इंजिन यांच्या हवाली केलं आणि लोक यांना इंजनेर म्हणू लागले. इंजिनाच्या खोलीत सगळेच ओरडतात आणि हातांनी बोलतात, त्यामुळे बहिरा माणूस तिथे उठून दिसत नाही.

एकच गोष्ट अशी होती की जिला कान लागत. बॉयलरच्या तोंडावर दोन तोट्या होत्या, एकाखाली एक. खालची उघडली की पाणी यायला हवं, वरची उघडली की वाफ. खालच्या तोटीतूनही वाफच आली तर पाणी उतरलं असं समजायचं आणि लगेच विस्तव बाहेर ओढायचा. पण तापलेलं पाणी बाहेर पडल्या पडल्या त्याचं पांढरं धुकं होतं. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. फरक असतो तो आवाजात: पाणी घोगरं फुरफुरतं, वाफ कोरडी शिट्टी घालते. पाणी दाखवणारी काचेची नळी होती, पण आमच्या विहिरीच्या गढूळ पाण्याने ती तुंबायची आणि नसलेलं पाणी दाखवायची.

म्हणून मी प्रेसमध्ये गोणपाट शिवायचं काम धरलं. इंजिनाच्या दारासमोर मी बसायचे. हे तोटी उघडून माझ्याकडे बघत. पाणी असलं तर मी दाभणाचं टोक वर धरायचे, वाफ असली तर खाली. दिवसातून वीसेक वेळा. कोणाला कधी संशय आला नाही.

भट्टीत लाकडं घालायला एक पिंजारी होता. कापूस सगळा मुंबईला चालला, पिंजायला घरोघरी काही उरलं नाही, तेव्हा कमान खुंटीला टांगून तो आमच्याकडे आला. यांना उस्ताद म्हणायचा, मला भाभी. मी दारात बसले की इंजिनही लाजून नीट चालतं, असं सगळ्यांदेखत म्हणायचा. पिंजाऱ्याचा कान तयार असतो. कमानीच्या तातीच्या आवाजावरून त्याला कापूस फुलला की नाही ते कळतं. याने महिनाभरात इंजिनाचे सगळे आवाज ओळखले. पण तोट्यांना आणि पाण्याच्या पंपाला उस्तादशिवाय कोणी हात लावायचा नाही, ही शिस्त गोऱ्या मिस्त्रीपासूनची होती.

ऐन हंगामात अकोल्याहून निरोप आला की वडील अखेरचे आहेत. मला जाणं भाग होतं. येण्याजाण्यात आणि तिथे मिळून आठवडा मोडणार होता. मी यांच्यासमोर बसून सावकाश म्हटलं, “त्या पिंजाऱ्याले सांगून द्या. त्याचा कान चांगला हाये. मी येतपर्यंत तो इशारा करन.”

हे म्हणाले, “एकदा पाठमोरा उभा राह्यलो. आता नाही राहात.”

नळी रोज धुईन, काचेवर नजर ठेवीन, एवढंच कबूल केलं. मी वाद घातला नाही. खरं तर मलाही ते कोणाला कळायला नको होतं.

सकाळी दमणीला बैल जुंपून मी प्रेसवरून निघाले तेव्हा पिंजारी आडवा आला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, “भाभी, एक इचारू का? उस्तादले आइकू येते ना?”

“तुमच्याहून चांगलं येते,” मी म्हटलं. “तुमी आपली भट्टी पाहा.”

तो हसला. “मंग ठीक. माह्या कानाले कापसाची सवय, लोखंडाचं त्याले काय समजते.”

वडील बरे झाले आणि पुढे सहा वर्षं जगले. मी परतले तेव्हा बॉयलरची भट्टी फुटून तीन दिवस झाले होते. हे बाजूला पंपापाशी होते, म्हणून फक्त हात भाजला. पिंजारी भट्टीच्या तोंडासमोर होता. तो दुसऱ्या दिवशी गेला.

माझ्याशेजारी गोणपाट शिवायला तिवस्याकडची एक म्हातारी बसायची. तिने सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, “उस्तादनं तोटी खोलली. पिंजारी दोनदा वरडला, कोरडी हाये उस्ताद, कोरडी हाये. उस्तादनं नळीकडे पाहातच हात केला, टाक म्हणून. मंग त्यानं सोताच्या कानात बोट घालून पाह्यलं, अन् टाकली लाकडं.”

साहेबाने चौकशी केली. शिवणाऱ्या बायकांना कोणी विचारलं नाही. हे म्हणाले, पिंजाऱ्याला झोप लागली होती, उठल्यावर त्याने घाईने जास्त विस्तव केला. हाताला तेल लावायला मी तिथेच उभी होते. साहेबाने तेच लिहून घेतलं आणि नवा बॉयलर मागवायच्या कामाला लागला. तो येण्याआधीच यांना अकोल्याच्या मोठ्या प्रेसवर बोलावणं आलं. पलटण तोवर तिथून हलली होती. तिथे यांनी बारा वर्षं नोकरी केली. साहेबांच्या कागदावरही इंजनेर असंच नाव लागलं. रोज मी दारात बसून दाभण धरला, एक दिवसही चुकवला नाही. मागच्या वर्षी हे गेले, म्हणून आता लिहिता येतं आहे.

अकोल्याला निघायच्या दिवशी पिंजाऱ्याची बायको आली. मी सामान दमणीत चढवत होते. ती न विचारता हाताखाली आली. बरंचसं चढवून झाल्यावर म्हणाली, “भाभी, सारे म्हणून राह्यले तो झोपला होता. घरी तर तो दिवसा कधी आडवा बी नाही झाला. तुमाले तरी खरं मालूम असन.”

“मी अकोल्याले होती,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. खाली एक गाठोडं राहिलं होतं, माझ्या शिवणाचं, दाभणासकट. ते उचलून तिने माझ्या हातात दिलं.