भाजलेलं बियाणं

मंगरूळपीरच्या बस स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तहसीलमधला एक कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर तिथे नेहमी येतो. नेटवर्क सिक्युरिटीच्या मोठ्या परीक्षेची तयारी करतोय. फी अशी, की दुसऱ्यांदा भरणं जमणार नाही. म्हणून त्याच्या प्रिंट कायम काळ्या-पांढऱ्या, पाठपोट.

कोणताही कोर्स विकत घेण्याआधी तो त्यातला फुकटचा धडा वाचून दहा प्रश्न सोडवून बघतो. सात जमले तरच पैसे भरतो. म्हणतो, "आमचे बाबा सोयाबीन पेराच्या आंधी शंभर दाने ओल्या पोत्यात ठेवतेत. सत्तर उगवले तरच पेरतेत."

एकदा माझ्याकडे त्याच परीक्षेच्या फुटलेल्या प्रश्नांची फाइल आली. मी मोठ्या मनाने प्रिंट काढून त्याला फुकट दिली. त्याने दोन पानं चाळली आणि गठ्ठा नीट जुळवून परत ठेवला.

"भाऊ, हे भाजलेलं बियानं हाय. दिसते चांगलं, उगवत नाई. उद्या कोनाचं नेटवर्क बंद पडलं, त मी काय करू?"

दिवसभर मी चिडलेलो होतो. संध्याकाळी ती फाइल पुसून टाकली.

काल तो परीक्षेचं प्रवेशपत्र घेऊन आला. मी सवयीने काळ्या-पांढऱ्या मशीनकडे वळलो, तर म्हणाला, "भाऊ, हे रंगीत काढा."