हत्तीच्या पुस्तकातले बोंबील

मुलगी दुसरीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेच्या वाचनालयातून दर शनिवारी एक पुस्तक घरी यायला लागलं. रोज दहा मिनिटं तिने मोठ्याने वाचायचं, घरातल्या कुणीतरी ऐकायचं आणि वहीत एक ओळ लिहून सही करायची. आमच्याकडे ऐकणारी मी. चौथीनंतर माझा लिहिण्याशी संबंध उरला नव्हता, त्यामुळे ती एक ओळ लिहितानाही हात आखडायचा.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दुपारी आम्ही बोंबील वाळत घालतो. दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून काठीवर टांगायचे. मुलगी शाळेतून आली की तिथेच बसून वाचायची. पुस्तकाला वास लागेल म्हणून मी त्याच्या जवळही जात नसे, लांबूनच ऐकायचे. संध्याकाळी हात धुऊन लिहायचे, "छान वाचलं."

सासूबाईही ऐकायच्या. त्यांना अक्षर येत नाही, पण गोष्टीची फार आवड. हत्तीचं पुस्तक आलं त्या आठवड्यात एक दिवस त्या मला म्हणाल्या, "एका पुस्तकात कितीक गोष्टी हायत गो? काल हत्ती होडीतून पान्यात पडला. आज तो आपल्यासारका बोंबील सुकवतो."

माझा हात काठीवरच थांबला. दोनदा साबण लावून हात धुतले, पदराला पुसले आणि पुस्तक उघडलं. आत हत्ती होता, ससा होता, केळीचं झाड होतं. होडी नव्हती, बोंबील तर नव्हतेच.

"इथे बोट ठेवून वाच," मी मुलीला म्हटलं.

तिने बोट ठेवलं, पण तोंडातून शब्द येईना. मग रडायलाच लागली. "अक्षरं येतात मला. जोडायला गेले की विसरते. बाईंना सांगू नको ना आई, त्या पुस्तक देणार नाहीत."

मलाही तीच भीती वाटली. पण दीड महिना मी न बघता छान छान लिहीत होते, आणि तिचं वाचन जिथल्या तिथे होतं. पालकसभेत मी मागे भिंतीला टेकून उभी राहते, बाईंशी तोंडाने बोलणं मला जमलं नसतं. मी वहीत लिहिलं, "ती चित्रं बघून मनाने गोष्ट सांगते. वाचता येत नाही. मी न बघता सही केली, चूक माझी आहे. पुस्तक बंद करू नका."

दुसऱ्या दिवशी मुलगी घरी येईपर्यंत कामात लक्ष लागलं नाही. बाईंनी खाली लिहिलं होतं, "पुस्तक चालूच राहील. ती सांगेल ती गोष्ट तुम्ही लिहा आणि तीच तिला वाचायला द्या."

मग काम उरकलं की मी वही घेऊन बसू लागले. ती भराभर सांगायची आणि माझं अक्षर मागे राहायचं. "आई, किती हळू लिहितेस!" सासूबाईंनी तर स्वतःलाच गोष्टीत घालून घेतलं. पण लिहिलेलं वाचायला दिलं की मुलगी घडाघडा म्हणायची. पाठ असल्यावर म्हणणारच. हे वाचन आहे की नाही, मला कळेना. तरी रोज लिहीत राहिले.

पंधरा-वीस दिवसांनी ती असंच वाचत होती. "हत्तीने आजीला चहा..." इथे अडली. बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. "दि... ला. दिला? आई, मी 'विचारला' सांगितलं होतं. तू 'दिला' लिहिलंस!"

खरंच, घाईत माझ्याकडून चुकलं होतं. तिने मनातलं सोडून कागदावरचं वाचलं होतं. आनंदाच्या भरात मी तो शब्द खोडायला पेन उचललं.

"दिला तर दिला," सासूबाई म्हणाल्या. "खोडू नको. साखर घातली का ते बघ तेवडं."

मुलगी हसत उठली आणि दप्तरातून त्या आठवड्याचं पुस्तक घेऊन आली. त्यात एक कासव होतं. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तिने एक शब्द जोडला, मग दुसरा. तिसऱ्यापाशी बराच वेळ गेला. मी सांगणार होते, पण तिचं तिलाच जोडू दिलं.

सासूबाईंना दम निघेना. "कासवाचं फुडं काय झालं ते सांग की गो!"

"सांगत नाहीये आजी," ती मान वर न करता म्हणाली, "वाचतेय. थांब जरा."