घडीची भिंत
देवापुढे धूप घातला की मला शारजातला तो हॉल आठवतो. आमच्या शेजारच्या सीरियन बाईची गाडी गॅरेजला होती, म्हणून त्या शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, तिला आणि तिच्या सासूला मीच चर्चला सोडलं आणि मागच्या बाकावर बसून राहिले. ही मेल्काइट पंथाची ख्रिस्ती मंडळी. आधी कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये जमायची, मग दुसऱ्या एका चर्चने आपला हॉल थोडा वेळ वापरायला दिला. वेदीपुढे संतांच्या चित्रांची भिंत तर हवीच, म्हणून त्यांनी ती लाकडाची, घडीची करून घेतलेली. प्रार्थना संपली तेव्हा हॉल धुराने भरला होता आणि पुढच्या प्रार्थनेची मंडळी दारात ताटकळत होती. "यल्ला, यल्ला," करत पुरुष घाईने भिंत मिटायला लागले. तोच शेजारणीच्या सासूबाई उठल्या, मेरीच्या चित्रावर दोन्ही हात दाबून उभ्या राहिल्या आणि अरबीत ओरडल्या. शेजारीण माझ्या कानाशी म्हणाली, "म्हणतायत, युद्धात अलेप्पोचं घर एका रात्रीत गुंडाळलं. आता देवालाही दर शुक्रवारी गुंडाळायचं?" पाद्री पुढे आले, त्यांनी म्हातारीची बोटं हळूहळू सोडवली आणि भिंत मिटली. परवा विसर्जनानंतर आमचं घडीचं मखर पलंगाखाली सारायचं होतं. लेक म्हणाली, "मॉम, जस्ट फोल्ड इट!" मी मखरावर दोन्ही हात ठेवून नुसती उभी होते.